छोट्या कृषी महाविद्यालयाचा कणा

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागात पालकांची एक ठरावीक धावपळ सुरू होते. ऊस आणि द्राक्षाच्या सल्ल्याच्या निमित्ताने गेली 18 वर्षे पलूस, तासगाव आणि वाळवा तालुक्यांतल्या अनेक घरांत माझी ऊठबस असल्यामुळे त्या धावपळीत मीही ओढला जातो. प्रश्न बहुधा एकच असतो. शासकीय कृषी महाविद्यालयाच्या यादीत नाव लागले नाही, जवळच्या एका छोट्या कॉलेजात जागा मिळते आहे आणि तीही 'साध्या ॲग्री'ला, म्हणजे सर्वसाधारण कृषी पदवीला, तर ती घ्यावी की एक वर्ष थांबावे? या 'साधी' शब्दात पालकांची खंत असते. कुणाच्या मुलाने जैवतंत्रज्ञान घेतलेले असते, कुणाच्या मुलीने अन्नतंत्रज्ञान, कुणी कृषी अभियांत्रिकीला गेलेला असतो, आणि आपल्या लेकराच्या वाट्याला मात्र सगळ्याच विषयांचे थोडे थोडे येणार, असे त्यांना वाटत असते.

मी स्वतः अशाच एका छोट्या कॉलेजात ही साधी ॲग्री शिकलो आहे. त्यामुळे उत्तर देताना मला दोन गोष्टी एकदमच सांगाव्या लागतात. पहिली गोष्ट अशी की, पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाला आज ज्या प्रकारच्या ज्ञानाची सर्वांत जास्त गरज आहे ते याच सर्वसाधारण पदवीत आहे. दुसरी गोष्ट अशी की, ही पदवी आज ज्या पद्धतीने दिली जाते त्या पद्धतीत ती पुष्कळ ठिकाणी पोकळ झाली आहे. ही पोकळी नव्या इमारतींनी आणि संगणक कक्षांनी भरून निघणार नाही. ती भरण्याचे साधन महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेरच आहे, कारण छोट्या महाविद्यालयाभोवतीचे शिवार हीच त्याची खरी प्रयोगशाळा असते. ग्रामीण कार्यानुभवाचा जो कार्यक्रम, ज्याला सगळेजण 'रावे' म्हणतात, तो आज अभ्यासक्रमाच्या शेवटी शेपटासारखा जोडलेला आहे. तो या पदवीचा कणा व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे माझ्या मनात कोठे पक्के झाले ते आधी सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी एका शेतकऱ्याच्या उसाच्या रानात उभा होतो. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, पिवळा पडला होता. काही वर्षांपूर्वी त्याच रानात एकरी 60 टन निघत होते, ते 35 वर आले होते. दुकानदाराने फेरस सल्फेट दिले होते, नंतर एक बाटली दिली होती, आणि खरे सांगायचे तर आदल्या वर्षी मीही तिथे लोहाची फवारणीच सुचवली होती. त्या शेतकऱ्याची मुलगी एका छोट्या कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. ती टिकाव आणि पाटी घेऊन आली आणि सरीच्या बाजूला खड्डा काढायला लागली. अडीच फुटांवर माती ओलसर चिखल झाली, आणि आम्ही बोलत असतानाच खड्ड्याच्या तळाला पाणी पाझरू लागले. तिने उसाचे एक ठोंब उपटून दाखवले. वरच्या वीतभर मातीत मुळे पांढरी होती, त्याखालची काळी पडलेली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. सरीच्या माथ्यावर मीठ फुलल्यासारखा पांढरा थर आला होता. तो इतके दिवस आमच्या सगळ्यांच्या पायांखालून गेला होता.

त्यानंतर तिने वडिलांना जे प्रश्न विचारले ते माझ्या लक्षात राहिले आहेत. वरच्या अंगाच्या रानात पाटाने पाणी द्यायला कधीपासून सुरुवात झाली? पाणंदीवर मुरूम टाकला तेव्हा कडेची चर बुजली का? विहिरीचे पाणी पूर्वीपेक्षा मचूळ लागते का? गोठ्यातल्या दोन म्हशींचे दूध कमी झाले ते केव्हापासून? शेवटचा प्रश्न ऐकून वडील गोंधळले, पण त्याचे उत्तर त्याच रानात होते. ज्या पट्ट्यात मका आणि गवत करायचे तिथे उगवणच होत नव्हती, म्हणून जनावरे दोन वर्षे उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर होती. तिने मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला दिला. मातीचा सामू (pH) 8.7 आला, म्हणजे जमीन नुसती क्षारपड राहिली नव्हती, ती सोडियम साचून चोपण होण्याच्या वाटेला लागली होती. कुणीतरी जिप्सम टाकायला सांगितले तेव्हा तिने वडिलांना समजावले की, जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवतो खरा, पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचराच नसेल तर तो त्याच मातीत राहणार. आधी निचरा, मग जिप्सम, मग हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा. आणि निचऱ्याची वाट ओढ्यापर्यंत न्यायची तर ती आणखी तीन जणांच्या रानातून जाणार होती, म्हणून त्या तिघांना एकत्र बसवणे हाही उपायाचाच भाग होता.

त्या एका खड्ड्यात मृदाशास्त्र होते, वनस्पतीचे शरीरशास्त्र होते, जलनिचऱ्याचे अभियांत्रिकी होते, पशुसंवर्धन होते, खर्चाचा हिशेब होता आणि विस्तारशिक्षणही होते. उसावरचा तज्ज्ञ आणला असता तर त्याने जात बदलायला सांगितले असते, आणि खताचा तज्ज्ञ आणला असता तर त्याने खत. हे सांगताना मला त्या तज्ज्ञांना कमी लेखायचे नाही, त्यांच्या कामावरच आपली शेती उभी आहे. पण शेतातली अडचण विषयांच्या तासांप्रमाणे विभागून येत नाही, आणि ती नेमक्या कोणत्या विषयाची आहे हे ओळखायला आधी सगळ्या विषयांची तोंडओळख असलेला, आणि त्या रानात पुन्हा पुन्हा जाणारा माणूस लागतो. असा माणूस तयार करणे हे सर्वसाधारण कृषी पदवीचे काम आहे.

या कामाची गरज किती मोठी आहे हे जमिनीच्या तुकड्यांवरून कळते. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यात अर्धा एकर द्राक्ष, एक एकर ऊस, थोडे सोयाबीन, बांधावर वैरण आणि दारात दोन जनावरे, असा ज्याचा संसार आहे तो शेतकरी प्रत्येक पिकासाठी वेगळा सल्लागार कुठून आणणार? मोठ्या द्राक्षबागायतदाराकडे छाटणीपासून काढणीपर्यंत पैसे घेऊन येणारा सल्लागार असतो, मी स्वतः त्यातलाच एक आहे. ज्याला हे परवडत नाही त्याचा सल्लागार म्हणजे औषधांच्या दुकानाचा काउंटर. दुकानदार वाईट असतो असे मुळीच नाही, कित्येक जण चांगले जाणकार आहेत आणि अडीअडचणीला उधारीही देतात. परंतु ज्याचे पोट विक्रीवर आहे त्याच्याकडून 'यावर काहीही फवारू नका, पाणी तोडा' असा सल्ला मिळण्याची शक्यता कमीच. कृषी सहायकाकडे अनेक गावे आणि त्याहून अनेक योजनांचे कागद असतात. मधली जागा रिकामीच राहिली आहे.

सर्वसाधारण म्हणजे सगळीकडे सारखे, असा एक समज आपल्या शिक्षणव्यवस्थेत रुजला आहे आणि त्याने या पदवीचे मोठे नुकसान केले आहे. सातारा जिल्ह्याचेच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. एका टोकाला स्ट्रॉबेरी आणि पाटणचा भात, मध्ये कोरेगावचा वाघ्या घेवडा, कृष्णा-कोयनेच्या काठी ऊस, आणि दुसऱ्या टोकाला बाजरी, ज्वारी आणि मेंढरे. सांगलीत कृष्णाकाठचा ऊस आणि हळद, तासगाव-मिरजेची द्राक्षे आणि बेदाणा, आटपाडीचे डाळिंब, जतची कोरडवाहू जमीन आणि टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याने बदलत चाललेले शिवार. इतके वेगळेपण एका दिवसाच्या एसटी प्रवासात दिसते. तरीही माणदेशातल्या आणि कृष्णाकाठच्या विद्यार्थ्यांचे वर्ग, प्रात्यक्षिके आणि प्रश्नपत्रिका एकाच साच्यातल्या असतात. अभ्यासक्रम देशपातळीवर ठरतो आणि तो तसा ठरावाही, कारण पदवीला सगळीकडे सारखी मान्यता हवी. परंतु उदाहरणे, प्रात्यक्षिके आणि प्रकल्प कोणते घ्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य महाविद्यालयाला आजही पुष्कळ प्रमाणात आहे, आणि ते वापरले जात नाही. माणदेशातल्या महाविद्यालयात मेंढीपालन हे पशुसंवर्धनाच्या पुस्तकातले एक प्रकरण म्हणून उरकले जाते, ही गोष्ट मला फार लागते. तिथून जवळच फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरे देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. धनगराच्या कळपात त्याने काय बदलते हे तिथल्या विद्यार्थ्याने वाड्यावर राहून पाहायला हवे.

आपल्या भागाचे बारकाईने पाहणे म्हणजे कोत्या नजरेने पाहणे, असेही काही जण समजतात. त्यांना मी कसबे डिग्रजचे उदाहरण देतो. सांगलीच्या अगदी जवळचे हे गाव. कृष्णाकाठच्या दमट हवेत सोयाबीनवर तांबेरा जोराने येतो आणि शेंगा भरण्याच्या आतच पाने गळतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तिथल्या संशोधन केंद्राने या रोगाच्या तोंडावर, त्याच शिवारात, निवड करत करत वाण काढले. केडीएस 344 म्हणजे फुले अग्रणी, केडीएस 726 म्हणजे फुले संगम, केडीएस 753 म्हणजे फुले किमया. केडीएस या अक्षरांत कसबे डिग्रजचेच नाव आहे. आज फुले संगमचे बियाणे मराठवाड्यातले शेतकरी नाव घेऊन मागतात. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 सालचे, तेही नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाच्या अडचणींतून मोठे झाले. एका जागेच्या अडचणीला नीट भिडले की तिचा उपयोग दूरवर होतो. छोट्या महाविद्यालयाने वाण काढावेत अशी माझी अपेक्षा नाही, ते त्याचे काम नव्हे. भिडण्याची ती पद्धत मात्र त्याने घ्यावी.

आता रावेकडे येतो. शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांचे गट गावोगावी जातात. कृषीदूत आणि कृषीकन्या ही त्यांची नावे आता गावांच्या चांगली ओळखीची झाली आहेत. ते सरपंचांना भेटतात, गावाचा नकाशा रांगोळीने काढतात, बीजप्रक्रिया, माती परीक्षण, चारा प्रक्रिया, जनावरांचे लसीकरण अशी प्रात्यक्षिके करतात, आणि त्याची बातमी फोटोसह स्थानिक वर्तमानपत्रात येते. माझ्या गावात मी हे अनेक वर्षे पाहिले आहे. ही मुले मनापासून काम करतात, त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष वेळापत्रकात आहे. एकदा बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आमच्या गावात झाले तेव्हा सोयाबीनची पेरणी होऊन तीन आठवडे झाले होते आणि पिकाला पहिली कोळपणी चालू होती. शेतकरी सौजन्याने उभे राहिले, फोटो झाला, मुलांच्या वहीत सही झाली. त्या मुलांना पेरणीच्या आधी पाठवायला हवे होते, हे त्यांच्या प्राध्यापकांनाही कळत होते, पण सत्र सुरू होण्याची तारीख आणि मृगाचा पाऊस यांची सांगड घालायची तयारी कुणाचीच नव्हती. आणखी काही आठवड्यांनी मुले निघून गेली. त्या सोयाबीनला शेंगा किती लागल्या, तांबेरा आला का, काढणीला मजूर मिळाले का, बाजारात भाव काय मिळाला, यातले काहीही त्यांनी पाहिले नाही. ज्यांनी एकही पीक पेरणीपासून विक्रीच्या पट्टीपर्यंत पाहिलेले नाही त्यांना आपण कृषी पदवीधर म्हणतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, छोट्या महाविद्यालयाने प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी जवळच्या गावातले एक शेतकरी कुटुंब जोडून द्यावे आणि पदवी मिळेपर्यंत ते नाते टिकवावे. साठ विद्यार्थ्यांची तुकडी असेल तर साठ कुटुंबे, म्हणजे सायकलने जाता येईल अशा तीन-चार गावांचे काम. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने काहीही सल्ला देऊ नये. त्याने फक्त जमीन, पाणी आणि पाऊस समजून घ्यावा, खड्डा काढून मातीचे थर पाहावेत, विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून लिहून ठेवावी. दुसऱ्या वर्षी त्याच रानातल्या किडी आणि रोग त्याने हंगामाप्रमाणे टिपावेत. आज कीटकसंग्रहाची पेटी गुणांसाठी भरली जाते आणि ती भरण्यासाठी ट्यूबलाइटखाली पडलेले पतंग गोळा केले जातात. पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर बसतात. ते त्याच संध्याकाळी झाड हलवून गोळा करणाऱ्या गावात विद्यार्थी एकदा गेला, तर त्याला कीटकाचे जीवनचक्र पाठ करावे लागणार नाही. तिसऱ्या वर्षी त्याने घराचा हिशेब मांडावा. घरच्या बायकांच्या श्रमाचे दिवस, बैलजोडीची वैरण, सोसायटीचे व्याज, वाहतूक, तोलाई हे सगळे धरून एकराला खरोखर किती उरले हे काढावे. हा हिशेब आपल्याकडच्या फार थोड्या घरांत होतो, आणि तो मांडायला शिकलेला पदवीधर कुठल्याही नोकरीत उपयोगी पडेल. सल्ला देण्याचा अधिकार त्याला चौथ्या वर्षी मिळावा, आणि त्या वर्षीची तोंडी परीक्षा त्याच रानात, बाहेरचा परीक्षक आणि तो शेतकरी दोघांसमोर व्हावी.

हे मोठ्या महाविद्यालयापेक्षा छोट्या महाविद्यालयाला सोपे आहे. तिथली बरीच मुले आजूबाजूच्याच तालुक्यांतली असतात, त्यांना बोली कळते, कुणाचे रान कुणाच्या वाट्याने पिकते हे कळते. शिक्षकांना प्रत्येक विद्यार्थी नावाने माहीत असतो. 2024-25 पासून, देशातल्या कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम सुचवणाऱ्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींप्रमाणे जो अभ्यासक्रम येतो आहे त्यात पहिल्या वर्षापासून कौशल्यांवर भर आहे आणि मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे. म्हणजे पहिल्या वर्षापासून शिवारात जाण्याला आता नियमांचाही आधार घेता येईल. मात्र सोय असली म्हणून काम होत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

या सूचनेवर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यांतला पहिला पालकांचाच आहे. 'आम्ही पोराला रानातून बाहेर काढायला कॉलेजात घातलं, आणि तुम्ही त्याच्या हातात परत खुरपं देताय.' हे वाक्य मी शब्दशः ऐकले आहे, आणि ज्या बापाने कर्ज काढून फी भरली आहे त्याच्या तोंडून ते ऐकताना त्याला खोडून काढावेसे वाटत नाही. त्याने रानात जे भोगले आहे ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही इच्छा रास्त आहे. पण साताऱ्याच्या मातीला या प्रश्नाचे एक उत्तर माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथल्या मुलांनी श्रम करून शिक्षण घेतले, 'कमवा आणि शिका' ही आपल्या भागाची शब्दसंपत्ती झाली. त्या श्रमाने मुले रानात अडकून पडली नाहीत. ती शिकून मोठ्या पदांवर गेली, आणि जाताना कष्टाची लाज इथेच ठेवून गेली. शिवारात अभ्यासासाठी जाणे आणि पर्याय नाही म्हणून राबणे यांत मोठा फरक आहे. तो फरक पालकाला समजावून सांगणे हे महाविद्यालयाचे काम आहे आणि ते प्रवेशाच्या दिवशीच व्हायला हवे.

दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षांचा. कृषी पदवीला आलेल्या मुलांपैकी पुष्कळांचे लक्ष पहिल्या दिवसापासून राज्यसेवा आणि बँकेच्या परीक्षांवर असते, त्यांना शिवाराची गरज काय? मी या मुलांना नावे ठेवत नाही. शेतीत उत्पन्नाची खात्री नसताना पगाराची वाट धरणे हे शहाणपणाचेच आहे, आणि त्यांच्यातून जे प्रशासनात गेले त्यांनी चांगले काम केल्याची उदाहरणे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पण यश मोजक्यांना येते. बाकीचे तिशीच्या उंबरठ्यावर पुण्याच्या खोलीतून गावी परततात तेव्हा त्यांच्यापाशी पदवी असते आणि तिच्यातले काहीच आठवत नसते. त्या परतलेल्या मुलांशी मी बोललो आहे. त्यांना सर्वांत जास्त जाचते ते हे, की गावातला दहावी शिकलेला द्राक्षबागायतदार डावणी रोगाचा पहिला तेलकट डाग पानावर ओळखतो आणि कृषी पदवीधर असून आपल्याला तो ओळखता येत नाही. चार वर्षे एका रानाशी नाते असते तर परीक्षेची तयारी करूनही त्यांच्या हाती काही उरले असते. निवड झालीच, तर तालुक्याला येणारा अधिकारी विहिरीची पातळी मोजलेला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. शिकवणार कोण? अनेक छोट्या महाविद्यालयांत मंजूर पदे रिकामी आहेत, असलेले शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा तुटपुंज्या पगारावर आहेत, आणि एकेकाकडे तीन-तीन विषय आहेत. मी शिकत असताना आम्हाला वनस्पती रोगशास्त्राचे एक सत्र जवळजवळ शिक्षकाविना काढावे लागले. सूक्ष्मदर्शक कपाटात होते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते नोकरी सोडून गेले होते. अशा महाविद्यालयाला शिवारात जा म्हणून सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होईल. म्हणून हेही स्पष्ट लिहितो की, जी संस्था शिक्षक नेमत नाही, पगार वेळेवर देत नाही आणि भरमसाट फी घेते, ती छोटी आहे म्हणून तिच्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. तिथली प्रवेशसंख्या कमी करावी, आणि तेवढ्याने सुधारणा झाली नाही तर ती बंद करावी. संख्येचा सोस आपल्याला महागात पडला आहे. मी ज्या छोट्या महाविद्यालयांच्या बाजूने लिहितो आहे त्यांच्याकडे चांगला शिक्षकवर्ग आहे, ओढीने काम करणारी माणसे आहेत, आणि तरीही 'साधे' म्हणून त्यांना हिणवले जाते.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे. कृषी महाविद्यालयांत आज मुलींची संख्या मोठी आहे, आणि वर्गात त्या बहुधा पुढे असतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या नावावर सातबारा असतो. लग्नानंतर सासरच्या शेतीत त्या राबतात, पण कोणता वाण लावायचा आणि कर्ज किती काढायचे हे त्यांना विचारले जात नाही. पदवी भिंतीवर आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती, अशी कित्येक घरे मला माहीत आहेत. चार वर्षे एका अनोळखी कुटुंबाच्या शेताचा हिशेब मांडलेली, त्या घरातल्या कर्त्या पुरुषासमोर बसून 'हा खर्च करू नका' असे सांगितलेली मुलगी सासरी गेल्यावर गप्प बसणे अवघड आहे. ज्या मुलीच्या खड्ड्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली तिने पुढे ते तीन शेजारी एकत्र बसवले. दोघे पहिल्या बैठकीत तयार झाले, तिसऱ्याला दोन वर्षे लागली. निचऱ्याच्या नळ्या आता जमिनीत गेल्या आहेत आणि ओढ्याच्या तोंडाशी मचूळ पाणी बाहेर पडताना दिसते. ऊस अजून पूर्वीच्या टनेजवर आलेला नाही, आणि तिने तसे आश्वासन वडिलांना दिलेही नव्हते. वैरणीच्या पट्ट्यात मका मात्र उगवला आहे.

पालकांना मी आता एवढेच सांगतो की, कॉलेज बघायला गेलात तर इमारत आणि वसतिगृह पाहून झाल्यावर कॉलेजचे शेत दाखवायला सांगा, आणि शेताच्या हिशेबाची वही मागा. गेल्या जूनमध्ये वाळवा तालुक्यातल्या एका पालकाबरोबर मी स्वतः गेलो होतो. पहिल्या ठिकाणी शेताला कुलूप होते आणि वही कार्यालयात सापडली नाही. दुसरे कॉलेज त्याहून लहान, पत्र्याच्या छताचे. तिथल्या प्राध्यापकांनी शेडमधून एक जाड रजिस्टर आणले. आत तीन-चार वेगवेगळी हस्ताक्षरे होती, सगळी विद्यार्थ्यांची. सोयाबीनच्या पानावर शेवटी लिहिले होते, 'दोन एकर, पेरणी उशिरा, पावसाचा खंड 19 दिवस, फुलगळ, एकूण तोटा', आणि खाली तोट्याचा आकडा. त्या पालकाने ते पान दोनदा वाचले, मुलाला वाचायला दिले, आणि फी कधी भरायची ते विचारले.